एका क्षणाची रुंदी : मोशन ब्लरचा इतिहास



आजचा विषय वाचून काहींच्या मनात आलं असेल, की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचं कॉम्प्युटर अ‍ॅनिमेशनमध्ये काय काम? आणि त्यातही मोशन ब्लर! अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये एक छोटा चौकोन असतो. त्यावर टिचकी मारली की पळणारी वस्तू कडांना पुसट होते, तिच्या गतीच्या दिशेने एक फराटा उमटतो. एवढंच ते. पण ह्या चौकोनामागे जवळजवळ अडीच हजार वर्षांचा एक वाद उभा आहे. गती म्हणजे काय, आणि 'आत्ता' ह्या शब्दाला काही रुंदी असते का, हा तो वाद. आज आपण तो चौकोन कुठून आला ते बघू, आणि त्याने आपल्या हातातून काय काढून घेतलं तेही बघू.

सुरुवात अर्थातच झेनोपासून. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात, दक्षिण इटलीतल्या एलिया ह्या ग्रीक वसाहतीत हा माणूस होऊन गेला. त्याचं म्हणणं आपल्याला ॲरिस्टॉटलमुळे माहीत आहे. झेनो म्हणतो, उडणारा बाण घ्या. कोणत्याही एका क्षणी तो त्याच्या लांबीइतकीच जागा व्यापून असतो. म्हणजे त्या क्षणी तो स्थिर आहे. पुढच्या क्षणी? तेव्हाही स्थिर. मग सगळे क्षण जर स्थिर, तर बाण उडतो केव्हा? ॲरिस्टॉटलने उत्तर दिलं, की काळ हा अशा अविभाज्य 'आत्तां'चा बनलेलाच नाही. तुमचं गृहीतच चूक आहे. आपल्याकडे नागार्जुनाने मूलमध्यमककारिकेच्या दुसऱ्या प्रकरणात गतीची अशीच उलटतपासणी केली आहे. गेलेल्या वाटेवर कोणी जात नाही, न गेलेल्या वाटेवरही जात नाही. मग जाणं घडतं कुठे?

हे सगळं शब्दांचे खेळ वाटतात ना? पण गंमत अशी, की कॉम्प्युटरला चित्र काढायला शिकवलं तेव्हा तो अगदी झेनोसारखं चित्र काढायला लागला. कॉम्प्युटरमधल्या बाणाची जागा आकड्यांनी ठरते. चोविसाव्या फ्रेमला तो इथे, पंचविसाव्याला तिथे. प्रत्येक फ्रेममध्ये धारदार, स्वच्छ, पूर्ण स्थिर. आणि अशा चोवीस फ्रेम एका सेकंदात दाखवल्या की बाण उडताना दिसत नाही, तो टणाटण उड्या मारताना दिसतो.

मग खरा कॅमेरा काय वेगळं करतो? चित्रपटाचा कॅमेरा सेकंदाला चोवीस फ्रेम घेतो. त्याच्या आत फिरणारी शटरची तबकडी असते आणि प्रथेप्रमाणे ती अर्धी उघडी, म्हणजे १८० अंशांची. त्यामुळे प्रत्येक फ्रेमवर सेकंदाचा अठ्ठेचाळिसावा भाग उजेड पडतो. ह्या वेळात बाण थांबलेला नसतोच. तो जिथून जिथे गेला, त्या सगळ्या वाटेचा ठसा एकाच फ्रेमवर उमटतो. एक फ्रेम म्हणजे एक क्षण, हा आपला समज चुकीचा आहे. एक फ्रेम म्हणजे काळाचा एक तुकडा, त्याला रुंदी आहे. मोशन ब्लर ही त्या रुंदीची नोंद.

ही नोंद माणसाच्या नजरेला कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीपासून ओळखीची आहे. अंधारात पेटतं कोलीत गरगर फिरवलं की आगीचं कडं दिसतं, हे आपल्यापैकी कित्येकांनी पाहिलंय. ह्याला संस्कृतात अलातचक्र म्हणतात. गौडपादांच्या मांडूक्यकारिकेतल्या चौथ्या प्रकरणाचं नावच 'अलातशांति' आहे. कोलीत हललं की सरळ, वाकड्या आकृत्या दिसतात. थांबलं की त्या कुठेच जात नाहीत, कारण त्या कुठून आलेल्याच नव्हत्या. गौडपादांना ह्यातून विज्ञानाविषयी, म्हणजे जाणिवेविषयी काही सांगायचं होतं. पुढे १७६५ साली पॅट्रिक दार्सी ह्या शास्त्रज्ञाने फ्रान्समध्ये असाच पेटता निखारा यंत्रावर फिरवला आणि कडं अखंड दिसायला एक फेरी किती वेळात पुरी व्हावी लागते ते मोजलं. उत्तर आलं सुमारे ०.१३ सेकंद. एकाच कोलितातून एकाने अद्वैत काढलं आणि दुसऱ्याने मोजमाप!

चित्रकारांनाही हे ठाऊक होतं. माद्रिदच्या प्राडो संग्रहालयात वेलास्केसचं सूत कातणाऱ्या बायकांचं चित्र आहे, सतराव्या शतकातलं. त्यात चरख्याच्या चाकाला आरे नाहीत. नुसती एक झळाळती, पारदर्शक चकती आहे. आरे काढले असते तर चाक थांबलं असतं. कॅमेरा यायला अजून जवळपास दोनशे वर्षं होती.

आता एकोणिसाव्या शतकात या. १८७८ साली कॅलिफोर्नियात पालो आल्टो इथे एडवर्ड मायब्रिजने बारा कॅमेरे ओळीत लावून दौडत्या घोड्याचे फोटो घेतले. शटर इतकं झटपट, की फोटोत पुसटपणा जवळजवळ नाहीच. घोड्याचे चारही पाय एका वेळी जमिनीवरून सुटतात हे त्यातून सिद्ध झालं, आणि सुटतात तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात, चित्रकार काढत तसे पुढेमागे ताणलेले नसतात, हेही. जेरिको ह्या फ्रेंच चित्रकाराचं एप्समच्या शर्यतीचं १८२१ सालचं प्रसिद्ध चित्र त्यामुळे 'चुकीचं' ठरलं.

पण शिल्पकार रोदँने हा निकाल मानला नाही. १९११ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या संभाषणांत तो असं मांडतो, की खरं बोलतो तो कलावंत, खोटं बोलतो तो फोटो. कारण प्रत्यक्षात काळ कधी थांबत नाही. जेरिकोचा घोडा एका क्षणाचा नाही. त्याच्या मागच्या पायांत एक क्षण आहे आणि पुढच्या पायांत नंतरचा. त्याच सुमारास, १९०७ साली, आंरी बर्गसाँने 'सर्जक उत्क्रांती' ह्या ग्रंथात आपल्या बुद्धीलाच सिनेमायंत्राची उपमा दिली. वाहत्या वास्तवाचे आपण स्थिर तुकडे करतो आणि मग ते पळवून म्हणतो, ही बघा गती! बर्गसाँच्या मते स्थिर तुकडे कितीही जोडा, त्यातून गती निघत नाही. ह्याच्या विरुद्ध बाजूला बर्ट्रांड रसेल. तो म्हणतो, ह्या वेळी इथे आणि त्या वेळी तिथे असणं, ह्यापलीकडे गती म्हणजे काहीच नाही. दोघांची नावं लक्षात ठेवा, आपल्याला ती पुन्हा लागणार आहेत.

आता स्टुडिओत जाऊ. कॉम्प्युटरच्या आधी हा प्रश्न ज्यांना छळत होता ते होते बाहुल्यांचे अ‍ॅनिमेटर. १९३३चा 'किंग काँग', विलिस ओब्रायनचा. मग त्याचा शिष्य रे हॅरीहाउझन. १९६३च्या 'जेसन अँड द आर्गोनॉट्स'मध्ये सात सांगाडे तलवारी घेऊन तीन माणसांशी लढतात. त्या काही मिनिटांच्या प्रसंगाला साडेचार महिने लागले. बाहुली जराशी हलवायची, हात बाजूला घ्यायचा, एक फ्रेम घ्यायची. पुन्हा हलवायची. ह्यात मेख कुठे आहे ते बघा. शटर उघडं असताना बाहुली नेहमी स्थिर असते. माणसं त्याच चित्रात खऱ्या गतीने पुसट होतात, सांगाडे मात्र प्रत्येक फ्रेमला धारदार. म्हणून त्यांची हालचाल थोडी थरथरती, तुटक दिसते. बाणाबद्दल झेनो जे म्हणाला ते ह्या सांगाड्यांच्या बाबतीत अक्षरशः खरं होतं.

ह्यावर उपाय शोधला जॉर्ज लुकसच्या इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक ह्या कंपनीतल्या फिल टिपेट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी. १९८१च्या 'ड्रॅगनस्लेअर' ह्या चित्रपटासाठी त्यांनी ड्रॅगनच्या बाहुलीला सळ्या जोडल्या, सळ्यांना मोटारी आणि मोटारींना कॉम्प्युटर. शटर उघडं असताना बाहुली खरोखर हलायची. ह्या पद्धतीला त्यांनी नाव दिलं 'गो मोशन'. उपाय साधा होता आणि अवघड होता. फ्रेममधला पुसटपणा मिळवायचा, तर फ्रेमच्या आत गती घडवायची. तो ड्रॅगन आजही बघण्यासारखा आहे.

आणि नेमक्या त्याच काळात, त्याच लुकसच्या कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात दुसरी मंडळी त्याच प्रश्नावर दुसऱ्या बाजूने चालून आली होती. कॉम्प्युटरने काढलेलं चित्र खऱ्या चित्रीकरणात मिसळायचं, तर त्याला तसाच पुसटपणा हवा. नाहीतर ते लगेच उपरं दिसतं.

१९८३ साली सिग्राफ ह्या परिषदेत, जिथे जगातले कॉम्प्युटर चित्रांचे अभ्यासक दरवर्षी जमतात, ह्या विषयावर दोन निबंध वाचले गेले. एक पोत्मेसिल आणि चक्रवर्ती ह्यांचा, दुसरा कोराइन आणि बॅडलर ह्यांचा. पोत्मेसिल आणि चक्रवर्ती ह्यांची कल्पना थोडक्यात अशी, की आधी स्वच्छ चित्र काढा, मग वस्तूच्या वेगाप्रमाणे ते पुसट करा. दुसऱ्या वर्षी, १९८४ साली, लुकसच्या विभागातल्या रॉबर्ट कुक, थॉमस पोर्टर आणि लॉरेन कार्पेंटर ह्यांनी जो निबंध मांडला, त्याने हा प्रश्न वेगळ्याच पातळीवर नेला.

त्यांची युक्ती समजायला गणित लागत नाही. चित्र म्हणजे लहान ठिपक्यांची, पिक्सेलची, जाळी. प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवायला कॉम्प्युटर त्या ठिपक्यातून दृश्यात काही किरण पाठवतो आणि ते कुठे आदळले ते बघतो. तिघे म्हणाले, हे किरण सगळे एकाच क्षणी पाठवू नका. शटर उघडल्यापासून बंद होईपर्यंतच्या वेळात ते विखरून टाका. एक किरण सुरुवातीच्या दृश्याला विचारेल, एक मधल्या, एक शेवटच्या. मग सगळ्यांची सरासरी घ्या. आणि हे विखुरणं समान अंतराने करू नका, थोडं अनियमित ठेवा. का? नियमित ठेवलं तर एका बाणाऐवजी ओळीने दहा बाण दिसतील. अनियमित ठेवलं तर ती चूक बारीक दाण्यांसारखी पसरते, आणि दाणे आपला डोळा सहज माफ करतो. आपल्या दृष्टिपटलावरच्या पेशींची रचनाही अशीच किंचित अनियमित असते. माकडाच्या डोळ्यावरचं ह्या संदर्भातलं संशोधन १९८३ सालीच प्रसिद्ध झालं होतं आणि कुकने आपल्या पुढच्या लेखनात त्याचा आधार घेतला.

ह्या निबंधातलं पोर्टरचं चित्र प्रसिद्ध आहे. बिलियर्डच्या टेबलावर चेंडू, त्यांवर आकडे १, ९, ८, ४. म्हणजे ते सालच! नऊ आकड्याचा चेंडू त्या एकाच फ्रेमच्या मध्यावर एकदम दिशा बदलतो. चार आकड्याचा चेंडू फ्रेम संपता संपता हलायला लागतो. एका फ्रेममध्ये सुरुवात, मध्य, शेवट, सगळी गोष्ट! आणि नुसते चेंडू पुसट नाहीत. त्यांच्या सावल्या, त्यांच्या चकचकीत अंगावरची प्रतिबिंबं, तीही पुसट. प्रत्येक ठिपक्याला फक्त सोळा किरण. त्याच वर्षी जुलैमध्ये मिनिआपोलिसच्या सिग्राफमध्ये ह्या विभागाने 'द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ आंद्रे अँड वॉली बी.' ही दोनेक मिनिटांची फिल्म दाखवली. मधमाशी झपकन उडून जाते तेव्हा तिचा फराटा दिसतो. हाच विभाग पुढे पिक्सार झाला.

आता बर्गसाँ आणि रसेल ह्यांना बोलवू. ह्यात जिंकलं कोण? वरवर पाहता बर्गसाँ. फ्रेमला रुंदी मिळाली, काळ वाहता झाला. पण यंत्राच्या आत डोकावून बघा. तिथे काळ वाहत नाहीये. तिथे सोळा क्षण आहेत, प्रत्येक क्षणी चेंडू स्तब्ध. झेनोचे सोळा बाण, आणि त्यांची सरासरी. म्हणजे आतून सगळा कारभार रसेलचा! बर्गसाँ म्हणेल, बघा, गती नाहीच, गतीची नक्कल आहे. माझं मत असं, की यंत्राने गती निर्माण केल्याचा दावाच केलेला नाही. खऱ्या गतीचा जो माग कॅमेऱ्यावर उरतो, तेवढा माग त्याने काढून दाखवला. आणि आपल्याला तेवढा पुरतो, ह्यात आपल्याविषयीचं एक सत्य आहे.

१९९३च्या 'ज्युरासिक पार्क'मध्ये डायनोसॉर आधी टिपेटच्या गो मोशननेच चालणार होते. मग लुकसच्या कंपनीतल्या कॉम्प्युटरवाल्यांनी धावत्या डायनोसॉरची चाचणी करून दाखवली. ती बघून टिपेट म्हणाला, की आता मीच नामशेष झालो. स्पिलबर्गने हे बोलणं चित्रपटातल्या संवादातच घालून टाकलं. पण टिपेट बाहेर पडला नाही. त्याच्या माणसांसाठी सांध्यासांध्यात संवेदक बसवलेला डायनोसॉरचा सांगाडा तयार केला गेला. तो हाताने हलवायचा आणि हालचाल कॉम्प्युटरमध्ये जायची. प्राण्याचं वजन कुठे पडतं, मान वळण्याआधी खांदा कसा हलतो, हे ज्ञान बाहुलीवाल्यांच्या बोटांत होतं. फराटा कॉम्प्युटर काढू शकत होता. कशाचा काढायचा हे अजून माणसालाच ठाऊक होतं.

आज हे सगळं फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही आहे. श्रोत्यांत अ‍ॅनिमेशन शिकणारी मुलं आहेत, त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं सांगतो. ब्लेंडरमध्ये मोशन ब्लर चालू केलंत की शटर नावाचा आकडा दिसतो, मुळात तो ०.५ असतो. म्हणजे अर्धी फ्रेम. चोवीस फ्रेमच्या हिशेबात पुन्हा तोच सेकंदाचा अठ्ठेचाळिसावा भाग! १८० अंशांची ती तबकडी सॉफ्टवेअरमध्ये नाही, पण तिची सवय राहिली आहे. हा आकडा वाढवलात तर हालचाल मऊ होते, स्वप्नासारखी. कमी केलात तर बोचरी होते. १९९८च्या 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'मध्ये किनाऱ्यावरच्या लढाईला खऱ्या कॅमेऱ्याचं शटर ४५ आणि ९० अंशांवर आणलं होतं. उडणारा मातीचा कण न् कण वेगळा दिसतो आणि अंगावर येतो. दुसरं, गोल फिरणारं पातं असेल तर फ्रेमच्या आतले टप्पे वाढवा. नाहीतर बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये कमानीऐवजी सरळ रेषेत फराटा येतो. तिसरं, चित्र तयार झाल्यावर वरून फासलेला पुसटपणा स्वस्त पडतो, पण धावत्या वस्तूच्या मागे काय झाकलं होतं हे त्याला माहीत नसतं, आणि सावल्या-प्रतिबिंबं बहुधा तशीच कोरडी राहतात. १९८३ आणि १९८४ मधला फरक अजून तुमच्या पडद्यावर जिवंत आहे.

आणि तो चौकोन रिकामा ठेवायलाही हरकत नाही. २०१८च्या 'स्पायडर-मॅन : इंटू द स्पायडर-व्हर्स'च्या मंडळींनी नेहमीचा मोशन ब्लर मुद्दाम टाळला आणि हाताने काढलेल्या चित्रांच्या जुन्या युक्त्या वापरल्या. चक जोन्सच्या १९४२च्या 'द डोव्हर बॉइज'मध्ये पात्रं इकडून तिकडे जाताना रंगाच्या लगद्यासारखी ताणली जातात, त्या परंपरेतल्या. कारण एक गोष्ट विसरू नका. हा पुसटपणा डोळ्याचा कमी आणि कॅमेऱ्याचा जास्त आहे. क्षेत्ररक्षक उंच उडालेल्या झेलावर नजर लावून धावतो तेव्हा त्याला चेंडू चांगला स्पष्ट दिसतो, कारण डोळा चेंडूबरोबर फिरतो. कॅमेरा तसा फिरला नाही तर चेंडूचा फराटा होतो. म्हणजे मोशन ब्लर घालून आपण दृश्य माणसाच्या नजरेसारखं करत नाही. कॅमेऱ्यासारखं करतो.

आणि इथेच मला खरी चिंता वाटते. न्यायशास्त्रातलं अनुमान तुम्हाला आठवत असेल. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. हे चालतं, कारण जिथे धूर तिथे अग्नी ही व्याप्ती आपण पुन्हा पुन्हा अनुभवलेली आहे. नैयायिकांना धोकाही ठाऊक होता. वाफेला धूर समजलात तर अनुमान फसणार. सुमारे शंभर वर्षं फोटोतला आणि सिनेमातला फराटा हा आपल्यासाठी धूर होता. त्याचा अर्थ होता : इथे एक कॅमेरा होता, त्याचं शटर उघडं होतं, आणि त्याच्यासमोरून खरोखर काहीतरी गेलं. बातमीपटातला हललेला, पुसट झालेला तुकडा आपल्याला जास्त खरा वाटायचा तो ह्यामुळेच. पुसटपणा साक्ष द्यायचा.

१९८४ साली ही व्याप्ती तुटली. त्या टेबलावर चेंडू नव्हते, टेबल नव्हतं, कॅमेराही नव्हता. सेकंदाच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाची साक्ष, आणि साक्षीदारच नाही! हे करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना गोष्ट सांगायची होती आणि गोष्टीत खोटेपणा हा गुन्हा नसतो. प्रेक्षक तिकीट काढतो तेव्हा त्याला डायनोसॉर नाहीत हे माहीत असतं. अडचण आहे ती त्या पडद्याबाहेर. आज आपल्या फोनवर येणाऱ्या चित्रफितीत धूर आहे एवढ्यावरून अग्नी आहे असं आपण म्हणू शकत नाही. पण आपला डोळा अजून जुन्याच व्याप्तीवर चालतो. हललेलं, पुसटलेलं दिसलं की तो आधी विश्वास ठेवतो आणि मग विचार करतो.

ह्यावर उपाय काय, असं तुम्ही विचाराल. डोळ्याला दोष देऊन उपयोग नाही. न्यायशास्त्रानेच वाट दाखवली आहे : एका लिंगावर, म्हणजे एका खुणेवर, विसंबू नका, ते सांगतंय कोण, त्याला ते कुठून कळलं, हे विचारा. प्रत्यक्ष आणि अनुमान जिथे थकतात तिथे शब्दप्रमाणाची, म्हणजे विश्वासू माणसाच्या सांगण्याची किंमत वाढते. चित्रांच्या ह्या युगात आपल्याला भरवशाची माणसं पूर्वीपेक्षा जास्त लागणार आहेत, कमी नाहीत.

पुसटपणा छायाचित्रकारासाठी आधी दोष होता. मग ती खरेपणाची खूण झाली. आता तो सॉफ्टवेअरमधला एक आकडा आहे, आणि तो किती ठेवायचा हे तुम्ही ठरवता. तरुण मित्रांना एवढंच सांगतो, तो आकडा बदलताना आपण काळाच्या किती रुंद तुकड्याला 'आत्ता' म्हणतोय, हे मनाशी ठरवा आणि मग बटण दाबा.

 आता प्रश्न घेऊ.